मागची दोन अक्षरं

माझ्या दुकानात दाराशी एक सागवानी बाक आहे. त्यावर कोणी बसलेलं मला खपत नाही. गिऱ्हाईक बसलं तर मी त्याला उठवतो आणि स्टूल देतो. सून म्हणते, "बाबा, एवढी जागा अडवून राहिला हा बाक, विकून टाका ना." मी तिच्यावर खेकसतो. ज्या माणसासाठी तो बाक केला त्याच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. राग आहे तोवर बाक आहे.

तो माणूस इंग्रजी लिहायचा, पण बोलायचा कधीच नाही. जुन्या मध्य प्रांताच्या सचिवालयात तो मसुदे करायला होता. नागपूरची राजधानी गेली तेव्हा फायली खोक्यांत भरून मुंबईला गेल्या, फायलींच्या मागे माणसं गेली, हा तेवढा गेला नाही. कोणी सांगायचे, एका बड्या अधिकाऱ्याच्या निरोपाचं मानपत्र त्याच्याकडे दिलं होतं, त्यात घालायला सांगितलेला एक गुण यानं घातला नाही आणि नोकरी सोडून घरी आला. खरं-खोटं त्यालाच ठाऊक. मी एकदा तोंडावर विचारलं तर म्हणाला, "फायली गेल्या, मी राहिलो. त्यात काय सांगाचं?"

"अन् इंग्रजी बोलत काहून नाही, साहेब?"

"बोललेलं खोडता येत नाही गा."

सगळे त्याला साहेबच म्हणत. कोटाच्या कोपरांना ठिगळं होती, छत्रीची एक काडी तुटलेली होती आणि ती छत्री तो भर डिसेंबरातही घेऊन यायचा. खिशात हिरव्या शाईचं पेन. बाकावर बसताना चपला काढून बाकाखाली जोडीनं ठेवायचा, देवळात आल्यासारख्या. मला त्याचाही राग यायचा. माझं दुकान हे दुकान होतं.

हे दुकान मी फुकटात मिळवलेलं नाही. आमचं घर कामठीचं, विणकरांचं. सातवीत शाळा सुटली. सकाळच्या बसने नागपूरला यायचं आणि सीताबर्डीत भांड्यांच्या दुकानांबाहेर पोतं टाकून बसायचं. लोक नवा तांब्या घेत, मी छिन्नीने त्यावर नाव टाकून देई. अक्षरामागे पैसे. लांब नावाच्या माणसाशी मी गोड बोलायचो. त्यातून पुढे पितळी पाट्या, मग शील्ड, मग एका गल्लीत भाड्याचा अरुंद गाळा. इंग्रजी अक्षरं मला चित्रांसारखी येत होती, अर्थ येत नव्हता. गिऱ्हाईक लिहून देईल ते मी कोरायचो.

एकदा एका शाळेनं शील्ड करून नेली आणि समारंभ झाल्यावर परत आणून माझ्या अंगावर टाकली. वरचं इंग्रजी वाचून पाहुणे हसले होते. लिहून त्यांच्याच हेडमास्तरने दिलं होतं, शिव्या मला. मी पाटी घासत बसलो होतो, आणि उन्हातून माझ्या ताडपत्रीच्या सावलीत येऊन उभा राहिलेला हा माणूस वाकून ती वाचत होता.

"हे कोणं लिहिलं गा?"

"तुम्हाले काय करायचं? घ्याचं असन तर बोला."

"याच्यात 'सिंबल ऑफ अॅन्युअल स्पोर्ट्स' लिहून हाय. वार्षिक खेळ हा काही गुण नाही होय."

आणि तिथेच उभ्याउभ्या त्यानं मला शिकवलं. 'सिंबल ऑफ' लिहायचं तर त्याच्या अलीकडे हाताला लागते अशी वस्तू पाहिजे आणि पलीकडे हाताला लागत नाही असा गुण पाहिजे. तराजू इज अ सिंबल ऑफ जस्टिस. तराजू उचलता येतो, न्याय उचलता येत नाही, म्हणून तराजू पुढे करायचा. "लोक उलटं करतात," तो म्हणाला. "गुण नसते म्हणून वस्तू मोठी करतात."

मला तेव्हा त्याच्या बोलण्यात धंदा दिसला. सगळ्या नागपुरात शील्डवाले होते, पण ज्याच्या इंग्रजीला कोणी हसणार नाही असा एकही नव्हता. मी विचारलं, "मजकूर लिहून द्यायचं काय घ्याल?"

"बसाले जागा. दोन चहा. अन् पाटीच्या मागे माह्या नावाची दोन अक्षरं."

"ती काहून?"

"चूक निघाली त लोकायनं मले धरावं. तुले नाही."

अक्षरांना मला काही खर्च नव्हता. जागेसाठी बाक करावा लागणार होता. मी चहावर अडून बसलो. "एकच चहा."

"ठीक आहे," तो म्हणाला.

एवढंच. मी तोंड उघडून बसलो होतो. पुढची तीन वाक्यं माझ्याकडे तयार होती. जो माणूस घासाघीस करत नाही त्याच्याशी व्यवहार करू नये, हे मला त्या वयातही कळत होतं, तरी केला. दुसऱ्या दिवशी तो घरून आपला कप घेऊन आला आणि दुकानातच ठेवला. मग रोज अर्धा चहा दहा वाजता प्यायचा आणि उरलेला अर्धा बशीनं झाकून ठेवायचा. चार वाजता तो गार चहा चवीनं प्यायचा. दिवसभर तो झाकलेला कप गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे! मी शेवटी चिडून दुसरा चहा मागवला तर म्हणतो कसा, "ठरलं ते ठरलं." आणि कप धुवायचा नाही. तळाशी चहाचा थर, काठाला डाग. "साहेब, कप तरी धुवा," मी रोज ओरडायचो. "उद्या यायचंच हाय," तो म्हणायचा.

हे सगळं मी सोसलं असतं. पण त्याचं लाल कापडाचं रजिस्टर सोसवत नव्हतं. त्यात चार रकाने: वस्तू, गुण, प्रसंग, सांगणारा. कोणी 'सिंबल ऑफ' अमुक गुण लिहायला सांगितला की हा विचारायचा, "तो गुण कोणाले दिसला? कधी? काय झालं होतं?" प्रसंग सांगणाऱ्यानं तो डोळ्यांनी पाहिलेला हवा आणि त्याचं नाव रजिस्टरात. प्रसंग नसेल तर साधं लिहून द्यायचा: अमुकास, अमुक तारखेला, सप्रेम. लोक म्हणायचे, अहो, आम्ही पाटी करायला आलो की कोर्टात? तरी यायचे. का यायचे ते मला हळूहळू समजलं. बर्डीत, धरमपेठेत लोक शील्ड उलटी करून मागची दोन अक्षरं बघू लागले होते. ती असली म्हणजे पुढचं खरं.

एका शाळेचा चपराशी निवृत्त होत होता, तासाची घंटा देणारा. मास्तर मंडळींनी त्याची लाकडी मोगरी आणली, तीस वर्षं घंटेवर मारून तिचं डोकं चपटं झालं होतं. हेडमास्तरांनी 'पंक्च्युॲलिटी' मंजूर केलं होतं. मी घाईनं पाटी कोरूनही ठेवली होती, कारण त्यात प्रश्न काय येणार? साहेबानं प्रसंग विचारला. मास्तरांना आठवेना. तेव्हा चपराशालाच पुढे केलं.

"सांग गा, टाइमाचा असा एखादा किस्सा."

तो बिचारा घाबरला. "साहेब, खरं सांगू? एक डाव मी घंटा उशिरा देल्ली. मुद्दाम. मॅट्रिकच्या पोरीयचा पेपर होता. एक पोरगी रडून राहिली होती, तिचं लिहिणं बाकी होतं. मी घड्याळीकडं पाठ करून उभा राहिलो. दहा मिंट."

हेडमास्तर लाल झाले. "तीस वर्षांनी हे सांगतोस? आमच्या शाळेत वेळेला काही किंमत आहे की नाही?"

"आहे ना," साहेब म्हणाला, "म्हणूनच तर त्यानं वेळ त्या पोरीले दिली." आणि हिरव्या शाईनं लिहिलं: धिस मॅलेट इज अ सिंबल ऑफ मर्सी. ही मोगरी दयेचं प्रतीक. हेडमास्तर तणतणत गेले, बाकी मास्तर हट्टानं तीच पाटी घेऊन गेले. चपराशी दुकानाबाहेर जाऊन डोळे पुसत होता. आणि माझी कोरलेली पाटी? ती मी घासली. पितळ माझं, हात माझे. मी साहेबावर दिवसभर ओरडलो. तो चार वाजता गार चहा प्याला.

आता एका चाकाचं सांगतो.

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एक कारखाना होता. त्याचा मॅनेजर टेम्पो घेऊन आला. दोन कामगारांनी दातांचं एक मोठं लोखंडी चाक उतरवलं, त्यांच्या पहिल्या प्रेस मशिनीचं. ते चकचकीत करून कारखान्याच्या दारात बसवायचं होतं, खाली मोठी पितळी पाटी. शिवाय तसंच छोटं चाक कोरलेले पितळी बिल्ले, शेकड्यांनी, प्रत्येक कामगाराला आणि पाहुण्याला एकेक. सगळ्यांवर एकच वाक्य: धिस व्हील इज अ सिंबल ऑफ केअर. व्यवस्थापनाला कामगारांबद्दल असलेली आस्था.

इतकं मोठं काम मला आयुष्यात मिळालं नव्हतं. आणि त्याच महिन्यात माझ्या गाळ्याचा मालक गाळा विकायला निघाला होता. दिवाळीपर्यंत घेतोस तर घे, नाहीतर शेजारचा कापडवाला घेतो. कापडवाला रोज येऊन माझ्या भिंती वितीनं मोजून जायचा. मला पुन्हा पोतं टाकून फुटपाथवर बसायचं नव्हतं. मॅनेजरशी मी दोन तास घासाघीस केली, तो घामाघूम झाला, मी झालो नाही. सौदा ठरला. उठता उठता तो म्हणाला, "एकच अट. मागे ती दोन अक्षरं पाहिजेत. सगळ्यांवर. आमच्या शेठनं खास सांगितलंय."

साहेबानं रजिस्टर उघडलं. "प्रसंग सांगा."

"कसला प्रसंग?"

"आस्था कोणाले दिसली?"

मॅनेजर हसला. "अहो, कामगारांना आम्ही दोन वेळा चहा देतो."

"चहा त हाही मले देते," माझ्याकडे बोट करून साहेब म्हणाला. "म्हणून याच्या अंगात आस्था हाय असं लिहू काय?"

टेम्पोशी उभे असलेले दोघे कामगार हसले. त्यातल्या एकाच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. साहेबाचं लक्ष तिकडे गेलं.

"तुह्या बोटायले काय झालं गा?"

तो माणूस आधी मॅनेजरकडे बघून मग बोलला. "घरी झालं, साहेब. विळ्यानं."

साहेबानं त्या चाकाच्या दातांवरून अंगठा फिरवला. मग पेनाला टोपण लावलं. "हे मी लिहीत नाही."

मॅनेजरला मी हात धरून बाहेर नेलं, उद्या होईल म्हणालो. आत येऊन जे बोललो ते सगळं इथं लिहीत नाही. "तुमचं काय जाते?" मी ओरडलो. "माहं दुकान जाते! तुमचा बाकही जाईन रस्त्यावर! चार शब्दायनं तुमचं काय जाते?"

"माही दोन अक्षरं जातात," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. त्यानं आवाज चढवला असता तर फार बरं झालं असतं.

मी लग्नाचं निमित्त सांगून आठ दिवस दुकान बंद केलं आणि कामठीला भावाकडे बसून ते काम केलं. वाक्य मला त्याच्याकडून घ्यायची गरजच नव्हती. वस्तू अलीकडे, गुण पलीकडे, इतक्या वर्षांत मला ते पाठ झालं होतं. एकही चूक झाली नाही. मग बिल्ले पालथे घातले आणि मागे ती दोन अक्षरं ठोकली. शेकडो वेळा. एरवीही ती मीच ठोकायचो, हात माझाच, छिन्नी तीच. फक्त या वेळी शेजारी हिरव्या शाईची चिठ्ठी नव्हती.

गाळा माझ्या नावावर झाला. कापडवाल्याचं तोंड बघायला मिळालं. साहेबाला मी सांगितलं, भावानं पैशाची मदत केली. त्यानं मान हलवली.

संक्रांतीनंतर एका दुपारी तो दोन बोटं नसलेला माणूस सायकलवर आला. एकटाच. मला ओलांडून सरळ बाकापाशी गेला आणि खिशातून बिल्ला काढून साहेबाच्या हातावर ठेवला.

"साहेब, मले इंग्रजी येत नाही. पोरानं वाचून सांगितलं. मांगं तुमचे अक्षर हायेत. तुम्ही त्या दिवशी म्हणे प्रसंग पाहिजे. मंग कोणी तरी सांगितला असन."

"हं."

"तेवढा वाचून दाखवा. मी भांडाले नाही आलो. अकरा वर्सं झाले तिथं. बोटं त्या चाकातच गेले माहे, घरी नाही. कोणाले काय दिसलं ते मले आयकाचं हाय."

साहेबानं बिल्ला उलटा केला. अंगठा त्या दोन अक्षरांवर ठेवला. मी हातात छिन्नी घेऊन उभा होतो. माझी सगळी उत्तरं तयार होती. गाळा, पोतं, लेकरं, इतकी वर्षं दिलेली जागा. त्यानं फक्त एकदा माझ्याकडे बघायचं होतं. मी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं असतं.

त्यानं बघितलंच नाही.

"अक्षरं माहीच हायेत," तो त्या माणसाला म्हणाला. "प्रसंग नव्हता. तरी लिहिलं. चूक माही हाय."

त्या माणसानं साहेबाच्या खिशातल्या पेनाकडे बोट केलं. "मांगं त नाही म्हणून राहिले होते तुम्ही. टोपण लावलं होतं पेनाले."

"हो."

"मंग किती भेटले?"

"एक चहा," साहेब म्हणाला.

त्या माणसाला वाटलं आपली थट्टा चालली आहे. त्याचा चेहरा फिरला. "तुम्हाले आम्ही वेगळे समजत होतो, साहेब," एवढं बोलून तो निघाला. साहेब उठून उभा राहिला, अनवाणी, आणि त्याच्या पाठीला हात जोडले. सायकल गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत तसाच उभा. बिल्ला बाकावर पडून राहिला.

पुढे काय झालं ते मी पुष्कळदा मनात चालवून बघितलं आहे. तो काही बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. खोटारडा म्हण, चोर म्हण. चारला अजून वेळ होता. त्यानं झाकलेला अर्धा चहा उचलला, नळापाशी ओतून दिला, आणि कप धुतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बोटानं काठावरचे डाग घासून काढले. बाकावर पालथा घातला. चपला घातल्या, छत्री घेतली आणि गेला. रजिस्टर तिथेच ठेवून.

दुसऱ्या दिवशी आला नाही. त्या आठवड्यात आला नाही. त्याची खोली मला माहीत होती, रामदासपेठेच्या मागच्या बाजूला, पायी पंधरा मिनिटं. मी गेलो नाही. काहून जावं? त्यानं यायला हवं होतं. भांडण अर्धं टाकून जायचा हक्क त्याला कोणी दिला? पुढे कधीतरी एका गिऱ्हाइकानं बोलता बोलता सांगितलं, ते मसुदेवाले अमरावतीकडे बहिणीकडे होते, वारले. मी त्या गिऱ्हाइकाला पाटीचा भाव जास्तीचा लावला. त्यानं दिला. त्याचाही राग आला.

धंदा चालूच राहिला. मागची दोन अक्षरं मी बंद केली. सुरुवातीला लोक विचारायचे, मग विसरले. आता कोणी पाटी उलटी करून बघत नाही. 'सिंबल ऑफ' लावून हवा तो गुण मी अर्ध्या तासात कोरून देतो. व्याकरणात चूक काढून दाखवावी कोणी.

मागच्या उन्हाळ्यात मी त्या बाकासाठी एक पाटी कापली. धिस बेंच इज अ सिंबल ऑफ, इथपर्यंत कोरली. रजिस्टर काढलं. वस्तू: बाक. सांगणारा: मीच, कारण पाहणारे आम्ही तिघं, त्यातला एक गेला आणि एकाला काही माहीत नाही. प्रसंग तुम्हाला सांगितला, बायकोलाही आजवर सांगितलेला नव्हता. गुणाचा रकाना तेवढा कोरा आहे. मोगरीचा तो शब्द माझ्या छिन्नीच्या टोकाशी येतो. बसवून बघतो, अक्षरं मोजून बघतो, जागेत बरोबर मावतो.

मग मला तो कप आठवतो. दया करणारा माणूस जाताना कप धुऊन पालथा घालून जातो का?